आधी पुस्तक की आधी पिक्चर? सीमाभागातले अनुभव लिहा

परवा गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. एक कॉलेजची मुलगी मिलिंद बोकिलांची 'शाळा' कादंबरी मागत होती. पिक्चर तीनदा बघितलाय, आता वाचायचंय म्हणाली. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं, कारण तिच्यासाठी जोशी आणि शिरोडकर यांचे चेहरे आता ठरून गेलेत. म्हणून हा धागा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही लिहा. नुसतं 'पुस्तकच भारी' नको. काय आठवतंय, का आठवतंय, ते सांगा.

माझ्यापासून सुरू करते. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं 'वंशवृक्ष' मी उमा कुलकर्णींच्या मराठीत वाचलं. उमाताई मूळच्या बेळगावच्या, म्हणून जरा जास्तच आपुलकीनं. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. आमच्या शहापूरच्या वाड्यात शेजारी कन्नड अक्का राहायच्या. एका रविवारी दुपारी दूरदर्शनवर गिरीश कार्नाड आणि ब. व. कारंतांनी १९७१ साली केलेला 'वंशवृक्ष' लागला आणि अक्कांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. मांडीवर सूप, सुपात शेंगा, आणि समोर ते काळं-पांढरं चित्र. विधवा कात्यायनी दुसरं लग्न करते, मुलाला न घेता सासरचं घर सोडते, तिथं अक्कांचा हात शेंगांवरच थांबला. पुस्तकात तिच्या सासऱ्यांच्या, श्रोत्रींच्या, मनात काय चाललंय त्याची पानंच्या पानं आहेत. पडद्यावर ते नुसते बसलेले दिसतात. अक्का म्हणाल्या, "हे म्हातारं एवढं गप्प का गं?" मग मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्यांना पुस्तकातलं सांगत बसले. मूळ कादंबरी त्यांच्या भाषेतली, आणि ती त्यांना सांगत होते मी, मराठीतून वाचलेली! मला अजूनही पुस्तकच जवळचं वाटतं, पण अक्का शेजारी नसत्या तर मी ते एवढं नीट वाचलंच नसतं.

निपाणीहून

ताई, माझा अनुभव उलटा आहे. 'नटरंग'. ही कादंबरी लिहिणाऱ्या आनंद यादवांचं कागल आमच्यापासून जवळच, त्यामुळं पुस्तकातली बोली आमच्या घरातलीच. तरीपण मी पिक्चरच्या बाजूनं. आमचे बाबा तंबाखूच्या वखारीत होते. पुस्तक त्यांनी कधी हातात धरलं नाही, पण तरुणपणी तमाशाचा नाद होता. २०१० च्या जानेवारीत त्यांना घेऊन गेलो. नायक गुणा पैलवान असतो आणि तमाशातला नाच्या होण्यासाठी अंग उतरवतो, ते अतुल कुलकर्णींनी खरोखर वजन वाढवून आणि मग घटवून दाखवलंय. बाबा सरसावून बसले आणि कानात म्हणाले, "बघ, खांदे गेले त्याचे." ते गेलेले खांदे मला वाचताना दिसले नव्हते. आणि हो, हा नट जन्मानं बेळगावचा. बाबांना हे कळल्यावर ते आठवडाभर प्रत्येकाला सांगत होते.

टिळकवाडी

'दुनियादारी' कॉलेजात असताना एका रात्रीत संपवलं होतं. पिक्चरमध्ये गाणी छान, माणसं फार चकचकीत. शिरवळकरांचा कट्टा एवढा स्वच्छ नव्हता. एवढंच.

खानापूर तालुका, प्राथमिक शिक्षक

माझी पहिली नेमणूक जंगलातल्या वाडीवर होती. एक खोली, चार इयत्ता, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की शाळा बंद. डीएडच्या वेळी 'बनगरवाडी' वाचलेली, पण कळली ती तिथं. माडगूळकरांच्या मास्तरांना मुलं गोळा करायला घरोघरी फिरावं लागतं, मेंढरामागं गेलेली पोरं शाळेत येत नाहीत. माझ्याकडं गवळीवाड्यातली मुलं म्हशींमागं जायची. तोच मास्तर, तीच दारं. अमोल पालेकरांचा १९९५ चा पिक्चर मी फार उशिरा बघितला. माणदेशचा तो उजाड माळ त्यांनी जसा दाखवलाय तसा मला वाचताना कधीच दिसला नव्हता, कारण माझ्या डोळ्यांपुढं आमचं हिरवं रान होतं. पण शेवटी दुष्काळानं वाडी रिकामी होते ना, तिथं मी पिक्चर बंद केला. माझीही शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. शेवटच्या दिवशी कुलूप मीच लावलं. पुस्तकातलं ते शेवटचं प्रकरण मात्र मी पुन्हा वाचू शकतो, पिक्चरमधलं पुन्हा बघवत नाही.

उचगाव

आमच्या पलीकडं हद्द ओलांडली की कोवाड, रणजित देसाईंचं गाव. त्यांच्या 'राजा रविवर्मा'वरून केतन मेहतांनी 'रंग रसिया' काढला. रंग अप्रतिम आहेत. पण देसाईंच्या रविवर्म्याचा एकटेपणा मला त्यात सापडला नाही. सर, तुमचं वाचून गलबललं.

अनगोळ

मुलगी दहा वर्षांची. इंग्रजी माध्यम, दुसरी भाषा कन्नड. मराठी बोलते, वाचत नाही, याचं मला आतून लागतं. सुट्टीत तिला अत्र्यांचा 'श्यामची आई' मोबाईलवर दाखवला. १९५३ चा पिक्चर, कंटाळेल असं वाटलं होतं. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई फोकानं मारते, तिथं ती माझ्यावरच रागावली, "असं कुणी मारतं का गं, आई?" मी म्हटलं, पुस्तकात बघू या. आजीची प्रत कपाटात होती, पानं पिवळी, पुठ्ठा सुटलेला. पिक्चरमध्ये आई मारते तेवढं डोळ्यांत राहतं. पुस्तकात त्यानंतर ती त्याच्या पाठीवरचे वळ बघून रडते तेही साने गुरुजींनी सांगितलंय. मुलीनं ते ऐकलं आणि म्हणाली, "परत वाच."

पुस्तकातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हणतात, तेही तिला फार आवडलं. आम्ही रोज जेवण झाल्यावर एक रात्र वाचतो. आधी मीच वाचायची, आता पहिला परिच्छेद ती वाचते, जोडाक्षरावर बोट ठेवून. काल अकरावी रात्र झाली.