मरियेचा निळा झगा आणि रंगांचा तक्ता

कुंचला: ‘रेनेसाँच्या, म्हणजे युरोपीय प्रबोधनकाळातल्या, मरिया आणि बाळ येशूच्या माता-बालक चित्रांत निळा म्हणजे पावित्र्य, लाल म्हणजे करुणा’ असा तक्ता काल कुणीतरी इथे मांडला आणि त्याला वाहवाही मिळाली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. फ्लोरेन्सच्या अनाथालयाने १४८५ साली चित्रकार गिर्लांदायोशी मागींच्या, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांच्या, वंदनाच्या चित्राचा करार केला, त्यात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन (सोन्याची नाणी) किमतीचा अल्ट्रामरीनच असावा, असे बजावले होते. हा रंग काढायला अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द या निळ्या दगडाची पूड मेण-राळेच्या गोळ्यात मळून तो गोळा क्षारपाण्यात दाबत राहिले की निळे कण सुटत. पहिले पाणी गर्द, शेवटचे राखाडी. मरियेला तो रंग मिळाला, कारण तो महाग होता.

वसईकरीण: देवाला उत्तमातले उत्तम वाहतात, त्यामुळे महाग असणे हीच तर भक्ती झाली. शिवाय आमच्या घरच्या मरियेच्या मूर्तीला आई दरवर्षी स्वस्तातल्या डब्यातला रंग देई, तरी तो निळाच लागे. त्यात किंमत कुठे आली?

कुंचला: तोवर रिवाज पक्का झाला होता. फ्रँकफर्टमध्ये असलेल्या, चित्रकार यान व्हान आइकच्या मरियेचा झगा लालभडक आहे. ती कमी पवित्र ठरते का?

जुना रंगारी: लाल म्हणता, तर पोवळ्याकडे कुणीच का पाहत नाही? मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचे जे चित्र आहे, त्यात झोपलेल्या बाळाच्या गळ्यात पोवळ्यांची माळ आहे आणि तिला लाल फांदी लोंबते आहे. इटलीत तान्ह्या मुलांना दृष्ट लागू नये म्हणून पोवळे घालत. त्यात ख्रिस्ताचे रक्त शोधणारे विद्वान घरात मूल वाढवत नसावेत. माझ्या मुलीला काळे मणी बांधायला मी आजीला बंदी केली होती, पण ती तापाने फणफणली त्या रात्री मीच ते बांधले.

वसईकरीण: तुमच्या मुलीची काळजी कळते, पण आमची श्रद्धा दृष्टीच्या मण्यांत गुंडाळू नका. ते बाळ आईच्या मांडीवर नुसते झोपलेले नाही, मृत ख्रिस्तासारखे पसरले आहे आणि फांदी नेमकी त्याच्या छातीवर आहे.

जुना रंगारी: शब्द लागला असेल तर तो मागे घेतो. मत मागे घेत नाही.

कुंचला: झोपेत मृत्यूची सूचना आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. पण गिर्लांदायोच्या चित्रात पुढे गुडघे टेकलेली दोन मुले पाहा: झिरझिरीत पांढरे कपडे, अंगावर वार. ती बाळ येशूला संपवण्यासाठी हेरोद राजाने मारवलेली बालके आहेत आणि हे चित्र अनाथ मुलांच्याच चर्चच्या वेदीसाठी काढलेले होते. या पांढऱ्यासाठी तक्त्यात कोणता शब्द आहे?