कासारवडवलीचा वन बीएचके की डोंबिवली पश्चिमेचा टू?

अकरा महिन्यांचा
काल कॉलेजच्या ग्रुपवर एकाने लांबलचक पोस्ट टाकली. सार एवढंच, की डोंबिवलीत टू बीएचके घेण्यापेक्षा ठाण्यात वन घ्या, निदान आयुष्य लोकलमध्ये जाणार नाही. डोंबिवली ही ‘परवडत नाही म्हणून’ घ्यायची जागा. खाली बावीस अंगठे. मी मुलुंडला भाड्याने राहतो, बजेट ८५ लाख (त्यातले बहुतेक बँकेचे), चार महिने दर रविवारी सॅम्पल फ्लॅट बघतोय. तिथे भांडलो असतो तर मैत्री गेली असती, म्हणून इथे.

‘ठाण्यात’ म्हणजे नक्की कुठे, हे साहेबांनी लिहिलेलंच नाही. माझ्या पैशात स्टेशनजवळचा नौपाडा येत नाही, घोडबंदर रोडवरची कासारवडवली येते. तिथे मित्राकडे मुद्दाम तीन रात्री राहिलो आणि सकाळी आठला स्टेशनसाठी निघालो. सोमवारी ५० मिनिटं, मंगळवारी ५५. बुधवारी माजिवड्याला ट्रेलर बंद पडला होता, एक तास वीस. अंतर दहा-अकरा किलोमीटर! डोंबिवली ते ठाणे १४ किलोमीटर आहे आणि फास्ट लोकल ते वीसेक मिनिटांत कापते. पश्चिमेला जी इमारत बघतोय तिथून फलाट चालत बारा मिनिटं, वाटेत वडापाव घेऊन. ऑफिस भायखळ्याला. आता सांगा, आयुष्य कुठे जातंय?

घोडबंदरकर
तुमचं ऑफिस भायखळ्याला म्हणून सगळ्यांचंच तिथे असतं का? मी ऐरोलीला जातो, तेही आठवड्यातून तीन दिवस. स्टेशनचं तोंड शेवटचं कधी पाहिलं आठवत नाही. घोडबंदरवरून जाणाऱ्या मेट्रो ४ ची चाचणी सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखकडच्या टप्प्यावर झाली, ठाणे-बोरिवली बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. घर वीस वर्षांसाठी घेतात, बुधवारच्या ट्रेलरसाठी नाही.

आणि वडापावबद्दल लिहिलंत, डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यांच्या हवेबद्दल अक्षर नाही. २०१४ चा हिरवा पाऊस, २०२० चा गुलाबी रस्ता, २०१६ आणि २०२४ चे एमआयडीसीतले स्फोट. हे काय घोडबंदरला झालं?

दोन मानपाडे
माझं माहेर डोंबिवलीच्या मानपाडा रोडला, सासर ठाण्याच्या मानपाड्याला. रिक्षावाल्यांनाही कळत नाही मी कुठली ते.

घोडबंदरकर, बोगदा होईल तेव्हा होईल. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळचा पहिला मेसेज ‘गुड मॉर्निंग’ नसतो, ‘टँकर आला का’ असतो. एप्रिल-मेमध्ये मेंटेनन्सच्या बिलात टँकरची वेगळी ओळ येते. दहाव्या मजल्यावर बाल्कनी आहे, दार उघडत नाही. तुळस तीनदा लावली. पानावरून बोट फिरवलं की बोट काळं होतं. रात्री एकला ट्रेलर गिअर बदलतो तो आवाज मी आता झोपेतही ओळखते.

पण खोटं का बोलू? मुलगी खाली पोडियमवर सायकल चालवते आणि मी वरून निवांत बघते. माहेरी आम्ही भावंडं रस्त्यावरच खेळलो, आणि आता तिथे रस्त्यावर चालायलासुद्धा जागा नाही.

फाईल बघणारा
विषय वेगळा आहे पण बोलल्याशिवाय राहवत नाही. डोंबिवलीत घेताना आधी विचारा, जुन्या डोंबिवलीत की शहराला लागून असलेल्या २७ गावांत. खोट्या परवानग्या दाखवून रेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यात राहणाऱ्यांकडेही ‘रेरा नंबर’ होता. कमेन्समेंट सर्टिफिकेटची, म्हणजे बांधकाम सुरू करायच्या महापालिकेच्या परवानगीची, प्रत घ्या आणि ती खरी आहे का हे महापालिकेत जाऊन बघा, बिल्डरच्या ऑफिसात बसून नको.

नौपाडा जुना
घोडबंदर म्हणजे ठाणं, हेच मुळात आम्हाला मान्य नाही. तलावपाळीला चालत जाता येत असेल तर ठाणं. बाकी पिनकोड.

आणि डोंबिवलीकरांनी वीस मिनिटांच्या गोष्टी सांगू नयेत. सकाळी हेच लोक उलटे कल्याणला जातात, तिथून सीट पकडून येतात, आणि आमच्या ठाण्याला गाडी आली की दारात पाय ठेवायला जागा नसते. वर ‘ठाण्याहून ठाण्याची गाडी पकडा ना’ असं ऐकवतात. पास डोंबिवलीचा, प्रवास कल्याणहून. टीसी नसतो म्हणून, नाहीतर सगळा डबा खाली उतरेल.

सव्वासातची
अहो नौपाडा, माझा पास कल्याणचा आहे. गेली नऊ वर्षं. उलटं जाण्यात अठरा-वीस मिनिटं रोज घालवते, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि भायखळ्यापर्यंत उभं राहवत नाही. हौस नाही ती. हा धागा काढणाऱ्या साहेबांनी हा हिशेब धरलेलाच नाही, ते वेगळं.

तुमच्या ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत कळव्याचे लोक कारशेडमधूनच चढून बसलेले असतात, त्यांना बोला की! सोयीचं तेवढं दिसतं. आणि आमची डोंबिवलीहून सुटणारी गाडी तरी कुठे रिकामी येते? दिव्याचे, कोपरचे आधीच खिडकीत. वर पर्स ठेवून मैत्रिणीची जागा धरलेली असते.

दिवा पूर्व
आलंच दिव्याचं नाव. मी डाऊन करतो. डोंबिवलीची गाडी दिव्याला येते तेव्हा चढतो, डोंबिवलीला बसून राहतो, त्याच गाडीने परत. का? कारण आठच्या सुमाराला मुंबईकडे जाणारी गाडी दिव्यात थांबते, पण दार अडवून उभे असलेले तुम्ही लोक ‘मागची पकडा’ म्हणता. मागची पकडून पकडून लोकांनी २ जानेवारी २०१५ ला रूळ अडवले होते. फास्ट गाड्या थांबायला त्यानंतरही डिसेंबर २०१६ उजाडला. जागा कोणाच्या बापाची नाही.

नौपाडा जुना
म्हणजे चूक कबूल, फक्त कारण वेगळं.

दिवा पूर्व
९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर लोक पडले. दारात लटकणारे. त्या दिवशी मी मागच्या गाडीत होतो, आत, बसलेला. डाऊन करून आलो म्हणून बसलेला. घरी बायकोचे एकवीस मिस्ड कॉल. आता मला नीतिमत्ता शिकवा.

नौपाडा जुना
ते मी त्या अर्थाने म्हटलं नव्हतं. गुडघा आणि हे, दोन्ही सोडून बाकीच्यांना म्हटलं समजा. धडधाकट पोरं पत्ते खेळायला डाऊन करतात, त्यांना.

सव्वासातची
आभारी आहे. परवानगीचं पत्र लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवते.

घोडबंदरकर
घर घ्यायचा धागा होता ना हा? ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ मध्ये झाली, तेव्हा वाढवलेल्या बहुतेक गाड्या एसी. ज्याच्या भरवशावर तुम्ही डोंबिवलीला टू बीएचके घेताय, ती साधी गाडी वाढत नाहीये. माझा ट्रॅफिक निदान एसीत बसून असतो. (हो, कधीकधी दोन तास. आणि टँकरचं खरं आहे, आमच्याकडेही येतो. झालं समाधान?)

दोन मानपाडे
लिहून घ्या रे कोणीतरी, तारखेसकट.

अकरा महिन्यांचा
एवढं सगळं वाचून काल मुलुंडहून सकाळी डोंबिवलीला गेलो, फक्त चढून बघायला. पावणेनऊला फलाटावर. पहिली गाडी सोडली, सभ्यपणाने. दुसरी सोडली, कारण दारातल्या माणसाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तिसरीत शिरलो, म्हणजे लोकांनी शिरवलं. ठाण्याला उतरायचं होतं, उतरता आलं नाही, घाटकोपरला उतरलो. एका चपलेचा पट्टा तुटला.

तर वीस मिनिटं गाडीची. त्याआधीची पंचवीस मी धरली नव्हती. माझं गणित चुकलं, त्या बावीस अंगठ्यांना मात्र हे कळवणार नाही. तरीही कासारवडवलीची सरासरी तासाच्या वरच आहे आणि तिथून पुढे लोकल आहेच, हे विसरू नका. डोंबिवलीच्या इमारतीची कमेन्समेंटची प्रत मागितली आहे. सेल्समन म्हणाला, “सर, आजपर्यंत कोणी मागितली नाही.”

फाईल बघणारा
प्रत हातात येईपर्यंत टोकन देऊ नका. दहा हजारसुद्धा.

अकरा महिन्यांचा
नाही देत. बाय द वे, दिवा पूर्व, तुमच्याकडे टू बीएचके केवढ्याला जातो हल्ली?

दिवा पूर्व
आधी पाणी किती वाजता येतं ते विचारा.