सेमिनार बंद करून नुसते इव्हेंट करायचे म्हणे!

खडूवाला:
परवा इथे एकाने लिहिलं की गणित विभागातले दर आठवड्याचे सेमिनार बंद करा, आठ डोकी येतात, त्यातली दोन पेंगतात, त्यापेक्षा २२ डिसेंबरला रामानुजन जयंतीचा मोठा कार्यक्रम आणि १४ मार्चला पाय डे, बास झालं. वाचल्यापासून डोकं फिरलंय म्हणून सविस्तर लिहितो.

मी मुंबईतल्याच एका विभागात शिकलो, नाव घेत नाही. तिथे एकदा मोठी परिषद झाली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत, ह्यात अकराचा पाऊण वाजला आणि मुख्य वक्त्याच्या हातात चिठ्ठी, सर दहा मिनिटांत आवरा, जेवण तयार आहे. तो माणूस दिल्लीहून आलेला, सिद्धतेच्या ऐन मध्यावर होता. त्याने मुकाट्याने लॅपटॉप मिटला. सगळे सर्टिफिकेटच्या रांगेत.

आणि त्याच विभागातला आठ डोक्यांचा सेमिनार. आमचे सर फळ्यावर अडकले, चांगली वीस मिनिटं. शेवटच्या बाकावरून एम.एस्सी.ची मुलगी म्हणाली, सर, संच कॉम्पॅक्ट (म्हणजे ढोबळमानाने मर्यादित आणि कडांसकट) आहे असं कुठे म्हटलंय? नसेल तर फंक्शन कमाल किंमत गाठेलच कशावरून? सर मागे वळले, फळा पुसला आणि म्हणाले, बरोबर, पुन्हा करू. गणित करतात म्हणजे नक्की काय करतात ते मला त्या दिवशी दिसलं. हे कुठल्या इव्हेंटमध्ये दिसणार?

हार्बरवाली:
तुम्हाला कळत होतं म्हणून गोड वाटतंय. मी पनवेलहून यायचे. सेमिनार चारचा, सुरू सव्वाचारला, तिसऱ्या मिनिटाला वक्ता स्मूथ प्रोजेक्टिव्ह व्हरायटी या प्रगत भूमितीतल्या विषयावर आणि पुढचा तास त्याच्या आणि आमच्या दोन सरांच्या आपापसातल्या गप्पा. दोन वर्षं गेले, वही भरली, डोक्यात काही शिरलं नाही. प्रश्न विचारला तर "हे तुम्हाला यायला हवं". परत विचारलाच नाही.

पाय डेला आम्ही शाळेतली मुलं बोलावली होती. कापरेकरांचा ६१७४ दाखवला, म्हणजे चारही अंक सारखे नसलेला कुठलाही चार अंकी आकडा घेतला तरी शेवटी ६१७४ वरच येतो. ३५२४ घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढता वजा करा, ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. परत तेच, ८३५२. परत, ६१७४. पोरं वेड्यासारखी आकडे घेत सुटली, एक मुलगा म्हणाला ताई सातच्या वर पायऱ्या लागतच नाहीत का? हा प्रश्न संशोधनाचा नाही तर कसला? आणि कापरेकर कोण, देवळालीचे शाळामास्तर. जगाला ते माहीत झाले १९७५ साली मार्टिन गार्डनर या लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकात लिहिलं तेव्हा, कुठल्या विभागाच्या सेमिनारमुळे नव्हे.

पवईकर:
दोघंही एकेक टोक धरून बसलायत. १९५६ मध्ये मुंबईतल्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत झीटा फंक्शनवरची (मूळ संख्यांशी जोडलेलं फंक्शन) आंतरराष्ट्रीय परिषद झाली, सेलबर्गसारखा मोठा गणिती येऊन बोलला, तो पण इव्हेंटच होता की. आणि मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग ज्यांनी उभा केला ते श्रीखंडे सर, १९५९ मध्ये बोस आणि पार्कर यांच्यासोबत त्यांनी अठराव्या शतकातल्या ऑयलर या गणितीचा पावणेदोनशे वर्षांचा अंदाज खोटा पाडला. लॅटिन चौरस म्हणजे ज्याच्या प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येतं; असे दोन एकावर एक ठेवल्यावर चिन्हांची कुठलीच जोडी दोनदा आली नाही तर ती ऑर्थोगोनल जोडी. ऑयलरला वाटलं होतं ६, १०, १४ अशा आकारांच्या लॅटिन चौरसांची ऑर्थोगोनल जोडी होणार नाही. ६ ची नाहीच होत, पण १० ची झाली, आणि पुढच्या सगळ्यांची. ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर होती. चौरसाचं कोडं शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. वक्त्याने तिथून सुरुवात करावी एवढंच.

बोरिवली_मास्तर:
सुरुवात कुठल्या भाषेत, ते बोला आधी. मी २९ वर्षं ज्युनियर कॉलेजला गणित शिकवलं. मराठी माध्यमातली हुशार मुलं सेमी-इंग्लिशच्या नादात ना मूळ संख्या म्हणू शकतात ना प्राइमची व्याख्या सांगू शकतात. विभागात एक तरी व्याख्यान मराठीत होतं का? इंग्रजीत प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही म्हणून मुलं गप्प बसतात, गणित येत नाही म्हणून नाही.

पवईकर:
मास्तर, विषय सेमिनारचा आहे. आमच्यात बंगाली, मल्याळी, तमिळ सगळे आहेत, मराठीत बोललो तर अर्धा वर्ग बाहेर. शिवाय कोहोमॉलॉजीसारख्या प्रगत गणितातल्या संज्ञेला मराठीत काय म्हणणार?

बोरिवली_मास्तर:
कोहोमॉलॉजीच म्हणा! संज्ञा इंग्रजी ठेवा, वाक्य मराठी करा, कोणी अडवलंय? हीच पळवाट तीस वर्षं ऐकतोय. ज्यांना स्वतःला सोपं करून सांगता येत नाही तेच भाषेचं कारण पुढे करतात.

पवईकर:
वैयक्तिक होऊ नका. मी नगर जिल्ह्यातल्या झेडपी शाळेतून आलोय, पहिलं वर्ष रडत काढलंय इंग्रजीपायी. म्हणूनच सांगतो, ती शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

हार्बरवाली:
तुम्ही रडलात म्हणून पुढच्यांनी पण रडायचं? मास्तरांचं पटतंय मला. "यायला हवं" हे वाक्य इंग्रजीत फार जोरात लागतं.

खडूवाला:
धागा माझा, आणि भांडण भाषेवर चाललंय, असो. हार्बरवाली, तुमची वही भरली आणि तरी काही कळलं नाही ही चूक सेमिनार चालवणाऱ्यांची आहे, हे मान्य करतो, मला ते सोपं जात नाहीये. त्या कॉम्पॅक्टवाल्या मुलीला आमच्या सरांनी झापलं असतं तर तीही दुसऱ्यांदा आली नसती. पण म्हणून बंद करा हे मी मरेपर्यंत मानणार नाही. इव्हेंटला आलेल्या पोराने सातच पायऱ्या का असं विचारलं, बरोबर? मग पुढच्या आठवड्यात तो प्रश्न घेऊन त्याने कुठे जायचं? तो हॉल तेव्हा बंद असतो.

हार्बरवाली:
हे मात्र खरं आहे. त्या मुलाला मी गूगल कर म्हणाले होते. चुकलंच माझं.

पवईकर:
आमचा विद्यार्थ्यांचा सेमिनार बुधवारी असतो. पहिली वीस मिनिटं मराठीत करून बघतो, फळ्यावर, स्लाइड नाही. पण नंतरचा पुरावा इंग्रजीतच.

बोरिवली_मास्तर:
पुरावा कोर्टात देतात. सिद्धता म्हणा. बुधवारी किती वाजता?