होम्सच्या मराठी फॅनफिकवर अभिप्राय द्यायचाय, सुरुवात कुठून करू?

कोराकागद:
शेरलॉक होम्सवरची एक मराठी फॅनफिक (चाहत्यानं मूळ पात्रं घेऊन लिहिलेली कथा) वाचायला आली आहे. साधारण ३,००० शब्द, निवेदक होम्सचा मित्र वॉटसन. लेखिका म्हणते, मोकळेपणानं सांगा. पण होम्स होम्स वाटत नाही, संवाद अवघडलेले आहेत आणि शुद्धलेखनाचा आनंदच आहे. सगळं लिहिलं तर हिरमोड, नाही लिहिलं तर उपयोग काय?

भिंगवाला:
आधी विचारा, होम्स कुठला? मूळ लेखक डॉयलच्या कथांमधला की बीबीसीच्या मालिकेतला? कथांमध्ये दोघं एकमेकांना आडनावानं हाक मारतात, मालिकेत 'शेरलॉक' आणि 'जॉन'. तिनं मालिका धरली असेल आणि तुम्ही कथांवरून चुका काढल्यात, तर सगळी मेहनत पाण्यात.

'होम्स वाटत नाही' एवढंच लिहिलंत तर तिनं करायचं काय? जागा दाखवा. समजा, तो एकदम 'खून माळ्यानं केला' म्हणतो. निष्कर्ष आधी आणि कारण मागून ही त्याची रीतच आहे. वॉटसनच्या पहिल्याच भेटीत तो, हा अफगाणिस्तानात राहून आलाय, हे ओळखून मोकळा होतो. म्हणजे तक्रार क्रमाची नाही. मागून येणारं कारण जर 'मला ते जाणवलं' इतकंच असेल, तर बिघाड तिथे आहे. त्या जागी डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी: चिखलाचा बूट, झिजलेली बाही, राख.

आणि मूळ कथेशी विसंगती काढण्याआधी पुस्तक उघडा. वॉटसनची जखम १८८७ च्या कादंबरीत खांद्याला आहे, १८९० च्या कादंबरीत पायाला. डॉयलच घसरलाय, लेखिकेला कशाला धरता?

उकार_वेलांटी:
संवाद अवघडण्याचं कारण बहुतेक वेळा 'यू' असतं. इंग्रजीत एकच, मराठीत तू, तुम्ही, आपण. होम्स वॉटसनला 'तू' म्हणतो आणि दहा ओळींनी 'आपण बसा', असं झालं की वाचक अडखळतो. कुठलंही एक चालेल, पण शेवटपर्यंत तेच. घरमालकीण हडसनबाई दोघांना अहो-जाहोच करणार. दुसरं, 'मी याबद्दल निश्चित आहे' असली वाक्यं. 'माझी खात्री आहे' असा पर्यायही शेजारी लिहा. अशी दोन-तीन दाखवलीत की बाकीची तिला आपोआप दिसतील.

शुद्धलेखनाच्या चाळीस चुकांची यादी देऊ नका. 'कि' आणि 'आणी' यांसारख्या वारंवार येणाऱ्या दोन सांगा, पहिलं पान गूगल डॉक्समध्ये सुचवणीच्या मोडवर तपासून द्या, बस्स. ही दुरुस्ती शेवटची. प्रसंगच बदलला तर सुधारलेल्या वेलांट्या फुकट जातात.

अर्धविराम:
उघड कमेंटमध्ये जमलेल्या गोष्टी लिहा, त्याही नेमक्या. 'छान, पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) यातून काही कळत नाही. दुरुस्त्या खाजगी निरोपात, आणि एका वेळी फार तर तीन मुद्दे. रहस्यकथा क्रमशः चालू असेल तर कमेंटमध्ये खुनी ओळखून दाखवायचा मोह आवरा.

लेखिका हे वाचत असेल तर: 'कशी वाटली?' विचारलंत की 'आवडली' हेच उत्तर येतं. 'माळ्याचा संशय कितव्या परिच्छेदात आला?' असं विचारा. तीन वाचक एकाच जागी अडखळले तर जागा नक्की बिघडलेली आहे, भले तिघांचे उपाय वेगळे असोत. आणि 'मला असं म्हणायचं होतं' हा खुलासा कमेंटखाली लिहायचा नाही. तो कथेत हवा होता.

कोराकागद:
विचारलं, होम्स डॉयलचाच आहे. मोजून पाहिलं: होम्सच्या तोंडी 'तू' ४१ वेळा, 'आपण' ६ वेळा. ते सहा कळवतोय. माळ्यासाठी बूट सुचवू की राख?

भिंगवाला:
माळ्याच्या बुटाला चिखल असणारच, त्यातून सिद्ध काय होणार? राख सुचवा. तंबाखूच्या १४० प्रकारच्या राखेवर होम्सची पुस्तिका आहे.