व्हर्जिनियाची बंदूक विधेयकं: क्रॉसओव्हरनंतर कोण जिवंत, कोण आजारी?

रिचमंडवारी (धागाकर्ता), १२ फेब्रुवारी २०२०

काल क्रॉसओव्हर झाला. नव्या मंडळींसाठी: विधेयक ज्या सभागृहात मांडलं तिथे या तारखेपर्यंत मंजूर झालं नाही, तर ते या अधिवेशनापुरतं बाद. जी तगली ती आता पलीकडच्या सभागृहाच्या समित्यांपुढे जातील.

नोव्हेंबरात डेमोक्रॅट्सनी दोन्ही सभागृहं घेतली, गव्हर्नर नॉर्थम त्यांचेच. म्हणजे २६ वर्षांनी सगळी सूत्रं एका पक्षाकडे. गेल्या जुलैत, व्हर्जिनिया बीचमध्ये १२ माणसं मारली गेल्यानंतर, नॉर्थम यांनी खास अधिवेशन बोलावलं होतं. तेव्हाच्या रिपब्लिकन बहुमताने ते दीड तासात गुंडाळलं. आता त्याच फायली परत आल्या आहेत.

तगलेल्यांत मुख्य चार. खासगी विक्रीतही पार्श्वभूमी तपासणी (एचबी २, एसबी ७०; एचबी म्हणजे खालच्या सभागृहाचं, हाउसचं विधेयक, एसबी म्हणजे सेनेटचं). महिन्याला एकच पिस्तूल (एसबी ६९). धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडून कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती बंदूक काढून घेणं, म्हणजे रेड फ्लॅग (एसबी २४०, सेनेटमध्ये २१-१९ ने पार). आणि ज्याच्यावरून सगळा गदारोळ चालू आहे ते एचबी ९६१: असॉल्ट रायफलींच्या विक्रीवर बंदी. आधीपासून ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे त्या राहतील, पण १२ पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन बाळगणं गुन्हा ठरेल. काल हे हाउसमध्ये ५१-४८ ने कसंबसं निघालं. डेमोक्रॅट्सच्या ५५ जागा असताना ५१, यावरून काय ते समजा.

माझं मत आधीच सांगतो, मग घाला शिव्या. ९६१ हे या पुड्यातलं सगळ्यात कमी उपयोगाचं विधेयक आहे आणि सगळं लक्ष तेच खातंय. रायफलींनी होणारे खून पिस्तुलांच्या मानाने फार थोडे. बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त तर आत्महत्या. खरा फरक पडला तर तपासणी आणि रेड फ्लॅगने पडेल, आणि त्यांच्यासाठी सेनेटरला फोन करणारा मला अजून एकही मराठी माणूस भेटलेला नाही.

---

ब्लूरिज_बापू

रोआनोकच्या बाहेर राहतो, नागरिक आहे, घरात बंदुका आहेत. २० जानेवारीला रिचमंडला कॅपिटलसमोर, म्हणजे विधानभवनासमोर, २२ हजार लोक जमले होते, त्यांत मीही होतो. आदल्या आठवड्यात टीव्हीवर असं वातावरण तापवलं होतं की जणू आता रक्ताचे पाट वाहणार. प्रत्यक्षात काय झालं? गोळी सुटली नाही, काच फुटली नाही, आणि लोकांनी जाताना कचराही उचलला.

तुमच्या चौघांतलं एक एक घेऊ. महिन्याला एक पिस्तूल हा नियम व्हर्जिनियात १९९३ पासून २०१२ पर्यंत होताच. व्हर्जिनिया टेकच्या मारेकऱ्याने २००७ मध्ये तो पाळला! एक पिस्तूल फेब्रुवारीत घेतलं, दुसरं मार्चमध्ये, मध्ये महिनाभर थांबून. ३२ जण गेले, त्यात आपल्या मुंबईची एक विद्यार्थिनीही होती. नियमाने काय वाचवलं?

शंभराहून जास्त काउंट्या, शहरं आणि गावांनी ‘सँक्चुअरी’चे, म्हणजे असले बंदूक कायदे आमच्या हद्दीत राबवणार नाही असे, ठराव केलेत, ते उगाच नाही.

---

रिचमंडवारी

बापू, ठरावांना कायद्याने काडीचं वजन नाही, असं ॲटर्नी जनरल हेरिंग यांनी डिसेंबरातच लेखी सांगितलंय.

व्हर्जिनिया टेकचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. त्या मुलाला २००५ मध्ये कोर्टाने मानसोपचार घेण्याचा आदेश दिला होता. तो आदेश तपासणीच्या यादीत पोचलाच नाही, म्हणून दुकानदाराला दोन्ही वेळा हिरवा कंदील मिळाला. तपासणी असून उपयोग नाही असा त्याचा अर्थ होत नाही, तपासणीत भोक होतं असा होतो. आणि महिन्याला एक हा नियम माथेफिरूंसाठी कधी नव्हताच. इथे दहा-दहा पिस्तुलं घेऊन आय-९५ वरून न्यूयॉर्कला विकणाऱ्यांसाठी होता.

---

ॲशबर्नची आई

तुम्हा दोघांचं छान चाललंय. माझी मुलगी पहिलीत आहे आणि शाळेत तिला दिवे बंद करून कोपऱ्यात आवाज न करता बसायला शिकवतात. त्याला ती ‘शांत बसायचा खेळ’ म्हणते. टक्केवारी काय करू मी?

धागाकर्ते, रायफलींनी कमी मरतात हे मान्य. पण व्हर्जिनिया बीचचं मॅगझिन विसरलात? तिथे रायफल नव्हतीच. पिस्तुलं होती, जादा गोळ्यांची मॅगझिन होती आणि एकावर सायलेन्सर. ९६१ मध्ये मॅगझिनचं कलम आहे ते याचसाठी. तुमच्या ‘उपयोगाच्या’ तिन्हींपैकी एकानेही तो माणूस अडला नसता. बंदुका त्याने रीतसर घेतलेल्या होत्या.

---

रिचमंडवारी

ताई, मॅगझिनचा मुद्दा बिनतोड आहे. पण मग मॅगझिनचं वेगळं विधेयक आणायचं होतं. रायफलीच्या व्याख्येला बांधलं की दोन्ही बुडणार.

---

राजापूरचा_ठासणीवाला

बाहेरून तोंड घालतो. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक मिळते, डुकरं आणि माकडं हाकायला. परवान्यासाठी खेटे घालता घालता चपला झिजतात. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, मग डुकरांनी भात खाल्लं तरी बघत बसा. आणि आता डिसेंबरात दिल्लीने शस्त्र कायदा बदलला: तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येणार. इथे कोणी मोर्चा काढला नाही हो. तुमच्याकडे विक्रेत्याने नाव विचारलं तरी म्हणे स्वातंत्र्य धोक्यात!

---

ब्लूरिज_बापू

ठासणीवाले, तुमच्याकडे परवाना ही सरकारची मेहेरबानी. इथे राज्यघटनेतला हक्क आहे. तुम्ही निमूट सोसलंत म्हणून आम्हीही सोसावं?

---

कलमकसाई

कायद्याचा विद्यार्थी. बापूंशी बाकी जमत नाही, पण रेड फ्लॅगवर लोक डोळे झाकून टाळ्या वाजवताहेत म्हणून लिहितो. पोलीस किंवा सरकारी वकील अर्ज करणार, कोर्ट समोरच्याला न बोलावता १४ दिवसांचा आदेश देऊ शकणार. त्यानंतर सुनावणी, आणि मग १८० दिवसांपर्यंत. गुन्हा काही घडलेला नाही, आरोप नाही, सरकारी खर्चाने वकील नाही. घटस्फोटाच्या भांडणात किंवा सावळ्या कातडीच्या माणसाबाबत हे कसं वापरलं जाईल, याचा विचार आपण तरी करायला हवा. तरी एक बरं, शेजारी किंवा नातेवाईक थेट अर्ज करू शकत नाहीत आणि पोलिसांना आधी स्वतंत्र चौकशी करावी लागते. त्यामुळे मी काठावरून ‘हो’च्या बाजूला.

जाता जाता: एच-१बी वरच्यांनी या धाग्यावर फार तावातावाने बोलू नये. फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीचा परवाना असेल तर गोष्ट वेगळी. ग्रीन कार्डवाल्यांना ती आडकाठी नाही.

---

ॲशबर्नची आई

मी एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे. बंदूक नको आहे, बोलायला परवानगी आहे ना?

---

कलमकसाई

😄 शरण.

---

रिचमंडवारी, १७ फेब्रुवारी

ताजी खबर. सेनेटच्या न्याय समितीत आज सकाळी ९६१ बुडालं. १०-५. साइटवर नोंद दिसेल ‘२०२१ पर्यंत पुढे ढकललं’, आणि राज्याच्या क्राइम कमिशनने अभ्यास करावा असं पत्र जाणार. अनुभवी लोकांना या भाषेचा अर्थ कळतो. निकाल ऐकताच बंदूकवाल्यांनी खोली डोक्यावर घेतली.

रिपब्लिकनांच्या बाजूने चार डेमोक्रॅट गेले: डीड्स, एडवर्ड्स, पीटरसन, सुरोवेल. पहिले दोघे पश्चिमेकडचे, समजू शकतो. पण पीटरसन आणि सुरोवेल आपल्या फेअरफॅक्सचे! सेनेटचं स्वतःचं बंदीचं विधेयक, एसबी १६, जानेवारीतच मागे घेतलं होतं. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

---

ॲशबर्नची आई

हाउसमध्ये मत देऊन मिरवून घ्यायचं आणि सेनेटमध्ये मुरवायचं. मी सुरोवेल यांच्या कार्यालयात फोन केला होता, मतदार नाही म्हटल्यावरही तिथल्या मुलीने नीट लिहून घेतलं. एवढीच काय ती जमेची बाजू. तुम्ही खूश असाल धागाकर्ते, तुमचं भाकीत खरं ठरलं.

---

रिचमंडवारी

खूश नाही. ९६१ पडल्यामुळे सेनेटमधले काठावरचे लोक बाकीच्यांना मत द्यायला मोकळे झाले, एवढं मात्र म्हणेन. त्यांना आता गावाकडे जाऊन सांगता येईल की रायफली आम्ही वाचवल्या.

---

ब्लूरिज_बापू

म्हणजे आमचा मोर्चा तुमच्या कामी आला म्हणायचा! असो. पण एचबी २ वर माझं समाधान झालेलं नाही. हाउसच्या मसुद्यात ‘विक्री’ नाही, ‘हस्तांतर’ आहे. हरणांच्या हंगामात शेजाऱ्याला दोन दिवस रायफल दिली तर मी गुन्हेगार का? विक्रीपुरती तपासणी असेल तर, खरं सांगतो, माझी फार हरकत नाही. बंदुकांच्या जत्रेत अनोळखी माणसाला मीसुद्धा विकणार नाही.

---

रिचमंडवारी

सेनेटच्या एसबी ७० मध्ये फक्त विक्रीच आहे. दोन्ही मसुदे जुळवताना सेनेटचाच टिकेल असा माझा अंदाज, तिथल्या २१-१९ च्या बहुमतात दोन माणसं सटकली की खेळ खलास. बापू, हे वरचं शेवटचं वाक्य तुमच्या सेनेटरला लिहून पाठवाल का? एडवर्ड्सच ना तुमचे?

---

ब्लूरिज_बापू

शेजारचा मतदारसंघ. माझा रिपब्लिकन आहे, त्याला हे वाचून फेफरं येईल. पण पाठवतो.