महिनाभरात शंभरच्या आत यायचंय, नक्की कशावर मेहनत करू?

थळचा_नवखा

नमस्कार मंडळी, इथे गोल्फवाले मोजकेच आहेत माहितीये पण जे आहेत ते मनापासून लिहितात म्हणून इथेच विचारतो. मी राहतो अलिबागजवळ आणि खेळायला जातो खारघरला, म्हणजे अंधारात घर सोडायचं, वडखळ पेण पनवेल करत पोचायचं, आठवड्यातनं एकदाच जमतं ते पण बायकोचा मूड बघून. आतापर्यंतचा बेस्ट अठरा होलांत १०४ फटके, पार (ठरलेले फटके) ७२ धरून, जितके कमी तितकं चांगलं. आता झालंय असं की मे अखेरीला मेहुण्याबरोबर मॅच ठरलीये, तो आरामात ९५ च्या आसपास खेळतो, आणि साहेबांनी साखरपुड्याच्या जेवणात सगळ्यांसमोर डिक्लेअर केलं की भावोजी शंभरच्या आत आले तर अख्ख्या घराला सुरमईचं जेवण माझ्याकडून. सासूबाई पण हसल्या हो.

ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायचा क्लब) मारला की बॉल उजवीकडे वळतो (स्लाइस), व्हिडिओ बघून ग्रिप बदलली, मग स्टान्स बदलला, आता आधी येत होतं ते पण जायला लागलंय असं वाटतं. घराजवळ रेंज (सरावाचं मैदान) वगैरे काही नाही. तर प्रश्न असे की स्विंग नीट करायच्या मागे लागू का, नवीन ड्रायव्हर घेऊ का, आणि घरी रोज अर्धा तास मिळतो त्यात काय करू? पाऊस लागला की सगळं बंदच, म्हणून घाई.

चेंबूरकाका

घाई आहे ना, मग स्विंगला हात लावू नकोस. स्विंग बदलायला महिने जातात आणि मधल्या काळात स्कोअर वाढतो, हे कुठलाही कोच सांगेल, फक्त फी घेतल्यावर सांगेल.

आधी शंभरच्या आत म्हणजे काय ते कागदावर मांड. पार ७२. प्रत्येक होलला बोगी (पारपेक्षा एक जास्त) घेतलास तर ९०. नऊ होल बोगी आणि नऊ होल डबल बोगी घेतलेस तर ९९. म्हणजे अख्ख्या राउंडमध्ये एक पार नाही मिळाला तरी सुरमई तुझी! पार ४ चा होल तुझ्यासाठी पार ५ आहे असं समजून खेळ, तीन शॉटमध्ये ग्रीनवर (होलभोवतीचं बारीक गवत) यायचं आणि दोन पट (ग्रीनवर बॉल घरंगळवायचे फटके). एवढंच.

आणि पटिंग कर. दोन पट प्रत्येक ग्रीनवर धरले तर ३६ होतात, पारच्या निम्मे. शंभरवाल्याचे तीन पट किती होतात ते मोज. टीव्हीवरचे प्रो लोक ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट टाकतात, तर आपण १५ फुटांवरून टाकायच्या भानगडीत कशाला पडायचं, बॉल होलच्या जवळ नेऊन ठेवायचा, पुढचा टॅप इन. शॉर्ट गेममध्येच स्कोअर आहे (ग्रीनजवळचे फटके आणि पट), बाकी सगळा देखावा.

जाता जाता, सुरमईचं मे मध्येच उरकून घे, १ जूनपासून मासेमारी बंदी लागते, मग मेहुणा फ्रोजनवर भागवेल.

हापूस_इंजिनिअर

काका आदर आहेच पण "शॉर्ट गेममध्येच स्कोअर" हे आता जुनं झालं. कोलंबिया युनिव्हर्सिटीचे मार्क ब्रॉडी म्हणून प्रोफेसर आहेत, त्यांनी शॉट बाय शॉट डेटा घेऊन स्ट्रोक्स गेन्ड ही पद्धत (एकेका शॉटने सरासरीपेक्षा किती फायदा किंवा तोटा झाला ते मोजायचं) काढली, पीजीए टूरने (अमेरिकेतली प्रोंची मालिका) २०११ पासून पटिंगसाठी ती वापरायला घेतली. त्यातनं निघालं काय, तर चांगला आणि साधारण प्लेअर यांच्यात जो फरक पडतो त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश हा १०० यार्डाच्या बाहेरच्या शॉट्समधनं पडतो. पट जास्त *मारले* जातात म्हणून फरक तिथे पडतो असं नाही, कारण दोन फुटांचा पट सगळेच टाकतात आणि तो पण एक स्ट्रोक म्हणूनच मोजला जातो.

त्यामुळे भाऊ तू टी शॉट (होलचा पहिला फटका) आणि लांबच्या आयर्नवर (लोखंडी तोंडाचे क्लब) मेहनत घे. दिवसभर गालिच्यावर पट मारून १०४ चे १०२ होतील फार तर.

चेंबूरकाका

अरे तुझा प्रोफेसर बरोबरच असेल, मी नाही म्हणत नाही, पण त्याच्याकडे महिनाभरच होता का? लांबचा गेम महिन्यात सुधारतो का ते सांग. पटिंग सुधारतं.

रत्नांग्री_ताई

दोघंही बरोबर आणि दोघांनीही त्याचं कार्ड बघितलेलं नाही. नवखा दादा, १०४ वाल्या राउंडचं कार्ड असेल तर सगळ्यात वाईट दोन होल शॉट बाय शॉट लिहा ना, आठवत असेल तेवढं.

थळचा_नवखा

आठवतंय ना ताई, विसरायला हवंय ते आठवतं.

पार ४ चा एक, ९ झाले. ड्रायव्हर उजवीकडे ओबी (हद्दीबाहेर). परत ड्रायव्हर, परत ओबी. तिसरा बॉल आत राहिला, मग सातआयर्न ग्रीनच्या अलीकडे, चिप (ग्रीनजवळचा छोटा उचलता फटका), दोन पट.

पार ५ चा एक, १० झाले. टी शॉट झाडांत. मधनं एक गॅप दिसत होती, मारला, झाडाला लागला. परत मारला, परत लागला. मग बाहेर काढला, तिथनं पुढचा बंकरमध्ये (वाळूचा खड्डा), एक बंकरमध्येच राहिला, एक बाहेर, आणि तीन पट.

रत्नांग्री_ताई

हे बघा आता. पहिल्या होलवर ड्रायव्हर ओबी गेला ते ठीक आहे, कुणाचाही जातो. पण पेनल्टी धरून तुम्ही तिसरा स्ट्रोक मारताय, डोकं तापलंय, आणि हातात परत तोच क्लब ज्याने आत्ताच दगा दिला! ओबीला स्ट्रोक पण जातो आणि अंतर पण जातं, म्हणजे एका चुकीचे दोन. तिथे हायब्रिड किंवा पाचवुड (ड्रायव्हरपेक्षा आखूड, सोपे क्लब) काढायचा. लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा तिरपेपणा) जास्त असला की बॉल कमी वळतो हे भौतिकशास्त्र आहे, तुमचा स्लाइस आपोआप कमी होईल. पहिल्यापासूनच हायब्रिड मारला असतात तर एक आत, दुसरा अलीकडे, चिप, तीन पट जरी झाले तरी ६. नऊचे सहा.

दुसरा होल. झाडांतनं गॅप दिसली म्हणालात. गॅप सगळ्यांनाच दिसते. तिथे बॉल आडवा फेअरवेवर (मधली कापलेल्या गवताची पट्टी) काढायचा, मान खाली घालून, मेहुणा हसला तर हसू दे. मग एक, आडवा दोन, तीन, चौथा मुद्दाम बंकरच्या अलीकडे, चिप, दोन पट, ७. दहाचे सात.

तीन आणि तीन सहा. १०४ वजा ६ म्हणजे ९८, आणि स्विंग आहे तसाच.

म्हणून माझं मत असं की महिना फक्त मोठे आकडे टाळण्यात घालवा, म्हणजे स्कोअरकार्डवरचे ८, ९, १०. पार वाढवायच्या मागे लागू नका. आणखी दोन गोष्टी. स्लाइस उजवीकडे वळतो ना, तर टी बॉक्सच्या (पहिला फटका मारायची जागा) *उजव्या* टोकाला टी लावा आणि फेअरवेच्या डाव्या बाजूला नेम धरा, बॉलला वळायला अख्खी रुंदी मिळते. बहुतेक जण घाबरून डाव्या टोकाला जाऊन उभे राहतात, तिथनं उजवीकडची हद्द आणखी समोर येते. आणि बॉल झुडपात गेला, खेळण्यासारखा नाही, तर अनप्लेएबल घ्या, एका पेनल्टी स्ट्रोकमध्ये दोन क्लबांच्या लांबीच्या आत ड्रॉप (बॉल हातातनं टाकून तिथनं खेळणं) मिळतो, होलच्या जवळ न जाता. करवंदीच्या जाळीत हात घालून ओरबाडून घेण्यापेक्षा स्वस्त.

मालवणी_बाप्या

ताईन बरोबर सांगल्यान. माका गोल्फ काय ता आधी ठाऊक नव्हता, पण मी गोव्यात कॅडीचा काम केलंय, सायबांच्या बॅगा उचलून उचलून खांदो गेलो. आता सरळ मराठीत लिहितो नायतर मुंबईकरांक समजाचा नाय.

मी एक बघितलंय. माणूस क्लब निवडतो तो त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात भारी शॉटवरून. सातआयर्न एकदा वारा पाठीमागे असताना १५० यार्ड गेला होता, मग त्याच्या डोक्यात सातआयर्न म्हणजे १५०. रोजचा जातो १३०. त्यामुळे दहातले बहुतेक अप्रोच (ग्रीनकडे मारलेले फटके) ग्रीनच्या अलीकडे पडायचे आणि बंकर, पाणी, सगळं कोर्सवाल्याने अलीकडेच ठेवलेलं असतं. मी गुपचूप एक क्लब जास्त (थोडा लांब जाणारा) काढून द्यायचो, सायब म्हणायचे आज हात चांगला बसलाय. तुझा तू एक क्लब जास्त घे. दुपारी खाडीकडनं वारा सुटला की दोन घे.

घरी काय करू विचारलंस, तर तुमच्याकडे खळं किंवा कोबा केलेलं अंगण असेल. होल असतो सव्वाचार इंच, १०८ मिलिमीटर, एक बेताची करवंटी पालथी घातलीस की तेवढीच होते. चार फुटांवरून रोज करवंटीला मार. लांबचे पट मात्र अंगणात करू नको, कोबा ग्रीनपेक्षा भलताच फास्ट, अंदाज बिघडतो. लांबचे कोर्सवर लवकर पोचून प्रॅक्टिस ग्रीनवर कर, होलकडे बघू पण नको, ग्रीनच्या कडेपर्यंत नेऊन थांबवायचा, तेवढाच खेळ.

हापूस_इंजिनिअर

ताई मान्य, आणि ते माझ्या मुद्द्याच्या विरोधात पण नाही खरं तर, कारण टी शॉटवर ओबी आणि झाडांतनं शंभरवाल्याचं भरपूर नुकसान होतं. मी "टी शॉटवर मेहनत घे" लिहिलं त्याचा अर्थ लांब मार असा घेऊ नकोस भाऊ.

रेंज नाही म्हणालास तर थळच्या किनाऱ्यावर ओहोटीला जा ना. ओली घट्ट वाळू, बॉलची गरजच नाही. क्लबच्या टोकाने एक सरळ रेघ ओढायची, समज बॉल रेघेवर आहे, आणि सातआयर्न किंवा वेज (जवळच्या फटक्यांचा तिरप्या तोंडाचा क्लब) फिरवायचा. वाळूत जो ओरखडा पडेल तो रेघेपासून पुढे, म्हणजे टार्गेटच्या बाजूला, सुरू व्हायला हवा. रेघेच्या मागे पडला तर तो शॉट कोर्सवर जाड बसला असता, आधी माती मग बॉल. चारपाच रेघा ओढून एकेक करत चालत जायचं, दहा मिनिटांत कळतं आज वजन पुढच्या पायावर येतंय की नाही. गवतावर हे इतकं स्पष्ट कधीच दिसत नाही.

रत्नांग्री_ताई

हे मस्त आहे, पण बॉल खरंच नेऊ नका हं किनाऱ्यावर. शनिवार रविवारी टुरिस्ट असतात, एखाद्याच्या डोक्यात बसला तर सुरमई पोलीस स्टेशनात खावी लागेल. आणि घरी आल्यावर क्लब गोड्या पाण्याने धुवून पुसा, खारं पाणी वेजच्या खाचांमध्ये बसलं की गंज धरतो.

थळचा_नवखा

सगळ्यांना धन्यवाद, खरंच. काल ओहोटीला जाऊन आलो. पहिल्या पाच रेघांत चार ओरखडे मागे, एक तर वीतभर मागे, तिथे मासे सुकवणाऱ्या दोन आज्या बसल्या होत्या, त्या म्हणाल्या काय हरवलंय का रे पोरा शोधतोयस ते. नंतर वजन पुढे टाकायला लागलो तेव्हा ओरखडे रेघेवर यायला लागले.

ताई, ठरवलंय की ओबी असलेल्या होलांवर ड्रायव्हर बॅगेतनं बाहेरच काढायचा नाही. पण एक शंका. ओबी गेलाच तर परत टीवर न जाता पुढे कुठेतरी दोन स्ट्रोकमध्ये ड्रॉप मिळतो असं ऐकलं, ते खरं का? आणि काका, नवीन ड्रायव्हरचं काय, सेल चालू आहे.

चेंबूरकाका

नवीन ड्रायव्हरने ओबी वीस यार्ड लांब जाईल. ते पैसे एका जुन्या हायब्रिडमध्ये घाल, क्लबात कुणाकडे तरी पडलेला असतोच. आणि पहाटेचा टी टाइम घे, मे मधलं ऊन आहे, बारानंतर शेवटच्या चार होलांत माणूस उन्हाने हरतो, गोल्फने नाही. बॅगेत मीठ घातलेलं कोकम सरबत ठेव, बियर मॅचनंतर.

रत्नांग्री_ताई

ड्रॉपचं खरं आहे. २०१९ च्या नियमांपासून तसा लोकल रूल ठेवता येतो, बॉल जिथे हरवला किंवा बाहेर गेला त्याच्या अंदाजाने बाजूच्या फेअरवेवर दोन पेनल्टीत ड्रॉप. पण तो आपोआप लागू नसतो, क्लबने किंवा कमिटीने लावलेला असावा लागतो. आणि प्रोव्हिजनल बॉल (पहिला सापडला नाही तर म्हणून मारलेला) मारून ठेवला असेल, तो हद्दीच्या आत सापडला, तर मग हा ड्रॉप घेता येत नाही, तोच बॉल खेळायचा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वीसारखी पाच नाहीत, मेहुणा घड्याळ लावून बसेल. पहिल्या टीवर जायच्या आधी स्टार्टरला (पहिल्या टीवर खेळ सुरू करून देणारा माणूस) विचारा, आणि मेहुण्यासमोर विचारा, म्हणजे नंतर वाद नको.