मदत हवी आहे: डॉसमधली हळदीची पट्टी विंडोज ११ वरून छापायची कशी?

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) फॉक्सप्रोच्या जुन्या डॉस प्रोग्रॅमवर निघतात, विंडोज ७ च्या ३२ बिट मशीनवर. ते आता मान टाकतंय. नव्या मशीनवर विंडोज ११ आहे. ती फक्त ६४ बिटमध्येच येते, त्यामुळे डॉसचा प्रोग्रॅम थेट चालत नाही. कम्पॅटिबिलिटी मोडचा उपयोग शून्य.

डॉसबॉक्स-एक्समध्ये (नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) प्रोग्रॅम उघडला, जुना डेटाही दिसतो. अडलंय छपाईवर. प्रोग्रॅम थेट एलपीटी १ ला (जुन्या पॅरलल प्रिंटर पोर्टला) पाठवतो, नव्या मशीनला तो पोर्टच नाही. यूएसबी ते पॅरलल केबल लावली. नोटपॅडमधून डॉट मॅट्रिक्सवर छापून येतं, प्रोग्रॅममधून कागद हलत नाही.

लेझर चालणार नाही, कार्बन प्रती लागतात. ३२ बिट विंडोज १० पण नको. तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बँकेचं, जीएसटीचं काम याच मशीनवर होतं. कृपया 'नवीन सॉफ्टवेअर घ्या' सांगू नका. दिवाणजी कीबोर्डकडे न बघता वजन, तोलाई, हमाली भरत जातात. माउस दिला की चिडतात. (आणि वेगात तेच पुढे आहेत, हेही खरं.)

कंडेन्स्ड (दाटीच्या, अरुंद) अक्षरांच्या कोडसकट मजकूर डॉसबॉक्स-एक्समधून यूएसबीवरच्या डॉट मॅट्रिक्सला जसाच्या तसा जाईल, असं सेटिंग कोणाकडे चालू आहे का? की त्यापेक्षा व्हीडॉस (तसंच दुसरं सॉफ्टवेअर) बरं पडेल?